मशीनचं उत्तर

त्या हिवाळ्यात रसेल ड्यूहर्स्टच्या लक्षात आलं, की आपल्या आधी कुणीतरी येऊन जातंय.

पहिल्यांदा त्याला तो योगायोग वाटला. टॉडमॉर्डनच्या स्टेशनाजवळच्या पबात त्याने प्रश्न विचारून बरोबर उत्तरांवर पैसे देणाऱ्या मशीनमध्ये नाणं टाकलं, संशय नको म्हणून नेहमीसारखी एक-दोन सोपी उत्तरं मुद्दाम चुकवली, मग सावरून खेळायला लागला, आणि मशीनने त्याला असे काही प्रश्न घातले की काही विचारू नका. नुकतंच बक्षीस देऊन बसलेलं मशीन असं वागतं. ते पुढच्या माणसावर डूख धरतं, आणि साध्या गिऱ्हाइकांनी गंमत म्हणून आठवडाभर त्याच्या पोटात नाणी ओतल्याशिवाय निवळत नाही. मग हेब्डन ब्रिजलाही तेच झालं. बर्न्लीत दोन पबांत तेच. जिथे जावं तिथे ताट आधीच चाटूनपुसून ठेवलेलं.

रसेल रॉचडेलचा. सूतगिरणी बंद पडली तेव्हा तो चाळिशीत होता आणि त्याला सुताखेरीज काही कळत नाही असं लोक समजत. पण या माणसाच्या डोक्यात एकदा शिरलेलं काही बाहेर पडत नसे. देशांच्या राजधान्या, लढायांची सालं, कुठल्या नदीवर कुठलं शहर, सगळं तिथेच पडून. पबातल्या प्रश्नांच्या मशीनवर तो आधी वेळ घालवायला खेळला. मग त्याला कळलं की प्रश्नांचा साठा केवढाही मोठा असला तरी तेच प्रश्न फिरून फिरून येतात. त्यानंतर ती त्याची नोकरीच झाली. जुन्या व्हॉक्सहॉल गाडीतून गावापलीकडच्या डोंगराच्या दोन्ही अंगांची गावं तो पालथी घालायचा. कुठल्या पबात कुठलं मशीन आलंय, कुठला मालक कानाडोळा करतो, कुठला बघत राहतो, हे शोधून काढणं खेळण्यापेक्षा अवघड होतं. अर्धा ग्लास बिअर घ्यायची, ती पुरवायची, जिंकल्यावर हसायचं नाही, आणि कुणाला चेहरा लक्षात राहायच्या आत निघायचं.

बायकोला, लोर्नाला, हे काही पसंत नव्हतं.

"मिसेस हॉल्ट विचारत होती चर्चमध्ये, रसेल हल्ली काय करतो म्हणून," एका रविवारी बटाटे सोलता सोलता ती म्हणाली.

"मग? काय सांगितलंस?"

"विक्रीच्या कामावर फिरतो म्हटलं. काय विकतो ते तिने विचारलं नाही, नशीब माझं."

"चोरी नाही करत मी, लोर्ना."

"चोरी करत असतास तर सांगायला निदान एक शब्द तरी असता." तिने सुरी खाली ठेवली. "नॉर्मनने शीतगृहात जागा धरून ठेवलीये तुझ्यासाठी. ईस्टरपर्यंत थांबेन म्हणालाय. माझा भाऊ आहे म्हणून थांबतोय, नाहीतर कोण थांबतं?"

नॉर्मनच्या शीतगृहात रसेल एकदा जाऊन आला होता. जाड कोट घातलेली माणसं गोठलेल्या मटाराची खोकी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत होती, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्यातून सुटायचं तर हे आधी येऊन जाणारं कोण आहे ते शोधायलाच हवं होतं.

बर्न्लीतल्या एका बारवरच्या मुलीला त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "मशीनवर? हो, आली होती ना एक बाई. राखाडी कोट, विणलेली टोपी, हातात बाजाराची पिशवी. कुणाची तरी मावशी असावी अशी. लिंबाचं सरबत घेतलं आणि जाताना मला टीप पण ठेवली."

बाई. रसेलने पुरुष धरला होता, त्याच्यासारखाच कुणी बेकार, चेहरा पडलेला. बाजाराची पिशवी ऐकून मात्र त्याच्या डोक्यात उजेड पडला. ही बाई गाडीने फिरत नाही, बसने फिरते. ज्या ज्या पबात ती आधी पोचली होती ते सगळे बसच्या रस्त्यावर होते. बाजाराच्या दिवशी ती त्या त्या गावात असणार, कारण गर्दीत पिशवीवाल्या बाईकडे कोण बघतं? त्याने मनातल्या मनात बसचे रस्ते जोडले, आणि जिथे ती अजून गेली नसावी असं एक ठिकाण उरलं. हॅलिफॅक्स. तिथे किंग क्रॉसच्या चढावर 'ओल्ड टीझल' नावाचा पब होता. मशीन चांगलं, पण रसेल तिकडे क्वचित जायचा, कारण मालक विल्फ ग्रीनवुड बघत राहणाऱ्यांपैकी होता.

बाजाराच्या दिवशी तो दुपारी तिथे पोचला. पाऊस बारीक लागला होता. आत कोळशाची शेगडी, दोन म्हातारे डॉमिनो खेळत बसलेले, बारपाशी परांची बांधणारे दोघे दांडगे गडी, अंगावर अजून सिमेंट. भिंतभर रग्बीच्या संघाचे फोटो, कारण गावच्या संघाचं मैदान, थ्रम हॉल, इथून हाकेच्या अंतरावर होतं आणि विल्फ तरुणपणी राखीव संघातून तिथे खेळला होता. आणि कोपऱ्यात, मशीनसमोरच्या उंच स्टुलावर, राखाडी कोट. पिशवी पायांशी.

रसेलने अर्धा ग्लास घेतला आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिला. ती खेळत होती. बोट काचेवर टेकवायची, प्रश्न पुरता उमटायच्या आत उत्तर दाबायची, मग पुढच्यासाठी हात मांडीवर ठेवून थांबायची. त्याने एवढं शांत खेळताना कुणालाच पाहिलं नव्हतं. नाणी खाली खळखळली. तिने ती पिशवीतल्या मोज्यात ओतली.

"मानेवर श्वास सोडू नका हो," ती वळूनही न बघता म्हणाली. "खेळायचंय का? व्हायचंय माझं."

"तुमचं झाल्यावर इथे काय उरणारे?"

आता ती वळली. साठीची, गोल चेहऱ्याची, चष्म्यामागे डोळे तेज. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अच्छा," ती हळूच म्हणाली. "व्हॉक्सहॉलवाले तुम्ही. तरी म्हटलं टॉडमॉर्डनचं मशीन गेल्या महिन्यात इतकं आंबट का झालं होतं."

म्हणजे तिलाही तो माहीत होता. रसेलला राग यायला हवा होता, पण त्याला भलतंच वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला त्याच्या कामावरून ओळखलं होतं.

"हा रस्ता माझा आहे," तरी तो म्हणाला.

"रस्ता बसचा आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात मागे दाराचा अडसर सरकल्याचा आवाज झाला.

विल्फ ग्रीनवुड दुपारी काही वेळ पब बंद ठेवायचा, पण आधी गिऱ्हाइकांना बाहेर काढून. आज त्याने कुणाला काढलं नव्हतं. तो दाराशी उभा होता, केवढा थोरला माणूस, नाक रग्बीत दोनदा मोडलेलं. परांचीवाले दोघे स्टुलावरून उतरले.

"म्हणजे जोडी आहे तर," विल्फ म्हणाला. "एक खेळते, एक पहारा देतो."

"मी यांना ओळखत नाही," रसेल म्हणाला.

"मीही नाही," बाई म्हणाली.

"आत्ता काय हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या का?" विल्फ पुढे आला. "मशीनवाल्या कंपनीचा माणूस सोमवारी पेटी उघडून गेला. आत काही नाही. गेल्या खेपेलाही काही नाही. म्हणतो, विल्फ, कुणीतरी आत तार घालून नाणी काढतंय, नाहीतर लोहचुंबक लावून. त्या पेटीतला अर्धा वाटा माझा असतो. माझं वरचं छप्पर गळतंय, आणि तुम्ही दोघं माझ्या शेगडीपाशी बसून मला लुटताय."

"तार नाही, चुंबक नाही," रसेल म्हणाला. "उत्तरं येतात म्हणून जिंकतो."

परांचीवाल्यांपैकी एक हसला. "सगळी?"

"बाह्या वर करा," विल्फ म्हणाला. "आणि बाई, पिशवी इकडे."

तिने पिशवी छातीशी धरली. गड्याने ती ओढून घेतली आणि बारवर उलटी केली. नाण्यांनी फुगलेला मोजा, लोकरीचे गुंडे, अर्धी खाल्लेली बिस्किटं, बसचा पास. रसेलचे खिसेही रिकामे झाले. पाससुद्धा उजेडात धरून बघितला गेला. पासवर नाव होतं, ऑड्री थ्वेट.

तार सापडली नाही म्हणून विल्फचं समाधान झालं असतं तर बरं झालं असतं. उलट तो आणखी लाल झाला. आपल्याला कुणी फसवतंय आणि कसं ते कळत नाही, याने माणूस जास्त चिडतो.

"माझा भाऊ पोलिसात आहे," तो म्हणाला. "त्याला बोलावतो. पण त्याआधी एक संधी देतो, कुणी म्हणायला नको विल्फ ग्रीनवुड ऐकून घेत नाही. हे माझं नाणं. एक डाव. हात काचेवर, सगळ्यांना दिसतील असे. थेट वरपर्यंत गेलात, मोठं बक्षीस काढलंत, तर मान्य, तुम्हाला येतं. मध्ये कुठे चुकलात, तर समजायचं की आत्तापर्यंत तुमचं डोकं नाही, दुसरंच काहीतरी जिंकत होतं."

"आणि मग?" ऑड्रीने विचारलं.

"मग भाऊ येईपर्यंत हे दोघे तुमच्याशी बोलतील."

रसेलच्या मनात आलं, वरपर्यंत कुणीच दरवेळी जात नाही. मशीन तिच्या हातून आत्ताच रिकामं झालेलं, डूख धरून बसलेलं. पण हे सांगावं कुणाला? त्याने ऑड्रीकडे पाहिलं. तिने चष्मा पुसला आणि स्टुलावर बाजूला सरकली. तो तिच्या शेजारी उभा राहिला.

"राजेराण्या, फुलं, टीव्हीवरच्या मालिका माझ्या," ती पुटपुटली. "खेळ मला येत नाही."

"खेळ, भूगोल, लढाया माझ्या."

विल्फने नाणं टाकलं.

पहिला प्रश्न डर्बीची शर्यत कुठे होते हा. रसेलने एप्सम दाबलं. दुसरा आठव्या हेन्रीच्या चौथ्या बायकोचा. ऑड्रीचं बोट आधीच तिथे होतं. मंगोलियाची राजधानी. मग फॉक्सग्लोव्हच्या झाडापासूनचं औषध कशावर देतात. "हृदयावर," ऑड्री म्हणाली आणि दाबलं. प्रत्येक प्रश्नाखाली वेळेची लाल पट्टी आखडत जायची, आणि वर चढावं तशी ती जास्त भराभर आखडायची. डॉमिनोवाले म्हातारे खुर्च्या सोडून मागे येऊन उभे राहिले होते. त्यांच्या कोटांचा ओला वास रसेलच्या नाकात शिरत होता. एका प्रश्नावर दोघांनाही नक्की येत नव्हतं, कुठल्याशा गायकाचं पहिलं गाणं. पट्टी नखाएवढी उरली तेव्हा ऑड्रीने डोळे मिटून दाबलं. हिरवा दिवा लागला. मागे कुणीतरी रोखलेला श्वास सोडला. परांचीवालाच होता.

शेवटची पायरी. मशीनने नेहमीची वाजंत्री वाजवली आणि प्रश्न आला.

कोणत्या शहराचा रग्बी संघ थ्रम हॉल मैदानावर खेळतो? हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड, वेकफील्ड.

सगळा पब हसला. विल्फसुद्धा. एक म्हातारा म्हणाला, "घ्या, सुटलात. हे माझ्या मांजरालाही येतं."

रसेल मात्र हसला नाही. हा प्रश्न त्याने पाहिला होता. ओल्डहॅममध्ये, दोन वर्षांपूर्वी, याच पायरीवर, आणि त्याने हॅलिफॅक्स दाबलं होतं, आणि मशीनने त्याला चूक म्हटलं होतं. ज्या कुणी दूर कुठल्या कचेरीत बसून हे प्रश्न भरले त्याने इथे घोळ घातला होता. मशीनच्या लेखी उत्तर होतं हडर्सफील्ड, हॅलिफॅक्सचं शेजारचं हाडवैरी गाव. असे चुकीचे प्रश्न साठ्यात आणखीही होते, आणि धंद्यात राहायचं तर ते पाठ असावे लागत. एरवी तो हडर्सफील्ड दाबून, वीस पौंड उचलून चालता झाला असता.

पण इथे? या पबात, या फोटोंखाली, हडर्सफील्ड दाबायचं आणि जिंकायचं? ज्याला हॅलिफॅक्स दाबायचं सुचत नाही आणि तरीही मशीन पैसे देतं, त्याने तार घातलीये की नाही हे विचारायला पोलीस तरी कशाला हवा? आणि हॅलिफॅक्स दाबलं तर हरलो. पट्टी आखडत होती.

ऑड्रीचा हात उठला. तिचं बोट मधल्या चौकोनाकडे निघालं. तिलाही माहीत होतं.

रसेलने तिचं मनगट धरलं.

"सोडा," ती दातांतून म्हणाली. "येतंय मला."

"मलाही येतंय." तो मागे वळला. आपला आवाज आपलाच आहे असं त्याला वाटेना. "मिस्टर ग्रीनवुड, हे तुमचं मैदान आहे. तुम्ही दाबा."

"मी?"

"लवकर. नाणं तुमचं आहे."

विल्फने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पट्टीकडे, आणि आपला जाडजूड अंगठा हॅलिफॅक्सवर ठेवला.

मशीनने खालच्या सुरात भोंगा वाजवला. काचेवर अक्षरं उमटली: चूक. बरोबर उत्तर हडर्सफील्ड.

शेगडीतला कोळसा फुटल्याचा आवाज ऐकू आला. मग मांजरवाला म्हातारा हळूहळू म्हणाला, "हडर्सफील्ड?" आणि त्याच्या तोंडून तो शब्द असा आला, जसं काही कुणी त्याच्या आईला नाव ठेवलं होतं. मग सगळेच एकदम बोलायला लागले. परांचीवाल्याने मशीनला लाथ घातली. दुसरा म्हणाला, म्हणजे गेल्या नाताळात मी हरलो तेही असंच का? विल्फ मात्र मशीनकडे बघत नव्हता. तो रसेलकडे बघत होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"होय."

"मग दाबलं का नाहीस ते?"

"दाबलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

विल्फने भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं.

"ओल्डहॅममध्ये याच प्रश्नावर हरलो होतो मी," रसेल म्हणाला. "एवढंच आहे आमचं. तार नाही. हरायचं, हरलेलं लक्षात ठेवायचं, आणि पुन्हा यायचं."

विल्फला हात उगारायचा होता आणि उगारायला कारण सापडत नव्हतं. शेवटी त्याने खाली वाकून भिंतीतली वायर उपटली. मशीन काळं झालं.

"त्या मोज्यातलं जे आज इथून निघालं ते इथेच राहील," तो ऑड्रीला म्हणाला. "बाकीचं उचल. आणि पुन्हा दोघांपैकी कुणी या दारात दिसलं तर मी प्रश्न विचारत बसणार नाही."

ऑड्रीने नाणी वेगळी केली. एकही कमी ठेवलं नाही, एकही जास्त. अडसर सरकला.

बाहेर पाऊस वाढला होता. ती पुढे चालत राहिली आणि कोपऱ्यावर एकदम थांबून त्याच्यावर उखडली.

"वीस पौंड होते ते. आणि मनगट बघा काय केलंयत."

"दाबलं असतंत तर मनगटावर भागलं नसतं."

तिला पटलं होतं, पण कबूल करवेना. ती कोटाची गुंडी लावायला लागली. रसेलने गाडीचं दार उघडलं. थोडा वेळ ती उभीच राहिली, मग आत बसली. काचांवर वाफ धरली.

"किथलीला सोडा," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने, गाव मागे पडल्यावर, आपणहून बोलायला लागली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली होती तिने. मग निवृत्ती, मग नवरा गेला. "दिवसभरात शंभर जण विचारायचे मला, अमक्याचा नंबर काय, तमक्याचा काय. आता घरी कुणी काही विचारत नाही. हे मशीन तरी विचारतं."

किथलीत तिच्या दारापाशी तो म्हणाला, "गुरुवारी मी स्किप्टनला जातोय. तिथल्या मशीनवर फुलांचे प्रश्न फार असतात."

"बसने जाणार होते मी," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. गुरुवारी मात्र ती बसथांब्यावर न जाता फाटकाशी उभी होती.

पुढची सहा वर्षं दोघांनी मिळून धंदा केला. लोर्नाला सुरुवातीला संशय आला, साहजिकच होतं. एका रविवारी ती म्हणाली, आण त्या बाईला जेवायला. ऑड्री आली, दोनदा मागून भाजलेलं मटण खाल्लं, आणि लोर्नाशी मालिकांवर अशी बोलत बसली की रसेलला भांडी घासावी लागली. त्यानंतर मिसेस हॉल्टने पुन्हा विचारलं तेव्हा लोर्ना म्हणाली, माझा नवरा पबातल्या प्रश्नांवर पोट भरतो, आणि चांगलं भरतो. नॉर्मनने ती जागा केव्हाच दुसऱ्याला दिली होती.

मग मशीनं बदलली. प्रश्न दर आठवड्याला नवे येऊ लागले, बक्षिसं आटली, पबांची संख्याही आटली. ऑड्रीचे गुडघे धरले आणि ती बहिणीकडे स्कार्बरोला समुद्रकाठी राहायला गेली. रसेलने शाळेच्या बसवर चालकाची नोकरी धरली. पोरं त्याला राजधान्या विचारून दमवायची, आणि त्याला ते आवडायचं.

एका उन्हाळ्यात तो आणि लोर्ना तिला भेटायला गेले. धक्क्यावरच्या एका पबात कोपऱ्यात मशीन होतं, चकचकीत, नव्या धाटणीचं. ऑड्री काठी टेकत त्याच्यापर्यंत गेली. लोर्नाने पर्समधून नाणं काढून दिलं. तिसऱ्याच प्रश्नात कुठल्याशा फुटबॉल खेळाडूच्या बायकोचं नाव विचारलं होतं. तिघांपैकी कुणीच ते ऐकलेलं नव्हतं. ऑड्रीने अंदाजाने दाबलं आणि चुकलं. काचेवर बरोबर नाव उमटलं.

"लक्षात ठेवा रे ते," ती म्हणाली, आणि लोर्नापुढे हात केला. "अजून एक नाणं दे."